पाण्याच्या दिवशी दाखवलेलं घर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्या शहाण्यानं म्हटलं, त्याची आणि चिकलठाण्याच्या सोमनाथ गायकेची भेट झालेली नसावी. सोमनाथचं म्हणणं असं, की बांधायचं-करायचं मागून बघू, आधी दोन्हीकडं चौकशी नीट करा. आपल्या माहेरच्यांनी ही चौकशी केली नाही म्हणून आपण फसलो, असं त्याची बायको दीपमाला अधूनमधून म्हणायची, पण ती घरातली गोष्ट झाली. घराबाहेर त्याच्या शब्दाला मान होता.

जालना रोडला लागून, विमानतळाच्या अलीकडं त्याचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक गाळा, काचेचं टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर ले-आउटचे नकाशे आणि एक कूलर. पाणी जपून वापरायचं म्हणून कूलर बहुतेक कोरडाच फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम वारा मारायचा. तरी लोक यायचे, कारण सोमनाथ घर विकायच्या आधी घर कसं पाहावं ते शिकवायचा, आणि तेही फुकट.

या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या दिवशी येतं, तो पाण्याचा दिवस. एजंट लोक हटकून त्याच दिवशी घर दाखवतात. नळ सोडला की धो धो धार, जिना धुतलेला, कुंड्या टवटवीत, बिल्डिंगमधल्या बायासुद्धा हसतमुख. सोमनाथ म्हणायचा, "पाण्याच्या दिवशी सगळीच घरं नवरीवानी दिसतेत. घर पाहायचं तर कोरड्या दिवशी पाहा. लोक घागरी घेऊन कुठं पळतेत ते बघा. टँकर गल्लीत वळतो का नाय ते बघा. सोसायटीचा चेअरमन काय सांगतो ते ऐकून घ्या, अन् मग टँकरवाल्याला विचारा."

एकाच खोलीला नवा रंग दिसला तर रंगाचं कौतुक करू नका, ओल कुठं आहे ते विचारा. वरच्या मजल्याचं घर मे महिन्यात भर दुपारी पाहा, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, पाठ भाजली तर नमस्कार करून निघा. बाँडपेपरवरचा, रजिस्ट्री न झालेला प्लॉट गोड बोलून गळ्यात मारतात, तेव्हा खरेदीखत हातात पडेपर्यंत देवघर कुठं करायचं ते ठरवू नका. असं त्याचं चालायचं. ऐकणारे माना डोलवायचे.

आणि सगळ्यात शेवटी, चहाचा कप खाली ठेवताना, तो आपला हुकमी एक्का काढायचा. "अन् एक ध्यानात ठेवा. ज्याच्याशी भांडता येत नाय, त्याच्याकडून घर घेऊ नका. मेहुणा नको, मामेभाऊ नको, सोयरा नको. घर म्हटलं की उद्या काही ना काही निघतंच. तवा शर्टाला धरता यायला पाहिजे."

यात अर्धं शहाणपण होतं आणि अर्धी लबाडी. अलीकडं घरटी एक एजंट झालाय. गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणतं, आमचा एक चुलतभाऊ पण याच धंद्यात आहे हो. त्या चुलतभावाचा पत्ता कापायला हे वाक्य फार उपयोगी पडायचं. बोलून बोलून सोमनाथला ते इतकं सवयीचं झालं होतं, की आपण काय बोलतो याच्याकडं त्याचंच लक्ष नसायचं.

लक्ष होतं ते अपेक्षाचं. अपेक्षा त्याची धाकटी बहीण, शेंडेफळ. बारावीनंतर देवगाव रंगारीहून शिकायला आली ती याच्याच घरी राहिली. कॉलेज सुटलं की ऑफिसात येऊन बसायची, फोन घ्यायची, एका कोपऱ्यात अभ्यास करायची. दादाची ही सगळी प्रवचनं तिला पाढ्यांसारखी पाठ झाली होती. वडील गेल्यावर तिचं लग्नही त्यानंच लावून दिलं. दाजी म्हणजे शिवम, शेंद्र्याला कंपनीत, गरीब स्वभावाचा. दोघं भाड्यानं राहायची. सोमनाथनं मनातल्या मनात तिचं घर कितीदा तरी पाहून ठेवलं होतं. सोनाराच्या घरात बहिणीच्या नाकात मोती असतोच की. हिचं घर आपल्याच हातून होणार, सगळ्या पाव्हण्यांत आपण सांगणार, वास्तुशांतीला पहिला मान आपला, असे मांडे तो खात होता.

आणि एके दिवशी जेवायला बसल्यावर दीपमाला म्हणाली, "अहो, अपेक्षानं घर पाहिलं म्हणं सिडकोत. पहिल्याच मजल्यावर. लई झ्याक आहे म्हणं."

"कुणी दाखवलं?"

"ते निराला बाजारचे पाठक सर हायेत ना, त्यांनी."

सोमनाथच्या हातातला घास हातातच राहिला. घरात दुसरं कुणी असतं तर भाजीत मीठ नाही म्हणून ओरडून घेतलं असतं. दीपमालापुढं ती सोय नव्हती.

मधुसूदन पाठक हा माणूस त्याच्या डोळ्यांत आधीपासूनच खुपत होता. खुपण्यासारखं पाठकानं काही केलेलं नव्हतं, आणि तेच जास्त खुपायचं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतली कारकुनी, त्यामुळं कागद तोंडपाठ. ऑफिसात एसी. आवाज कधी चढत नाही. गड्यानं आयुष्यात एका वर्गाला शिकवलेलं नाही, तरी चष्म्याच्या जोरावर सगळे त्याला सर म्हणतात. सोमनाथला मात्र म्हातारी माणसंही भाऊ म्हणतात. भाऊ! भाजीवाल्यालाही भाऊच म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही भाऊच. आणि आता जिचा तो खरोखरच भाऊ होता, ती सरांकडं गेली होती.

पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. सोमनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच ओट्यावर बसून, आपलाच चहा पिऊन ही पोरगी मोठी झाली, आणि घर घ्यायची वेळ आली तर हिला चष्मेवाला आठवला! आपलं ऑफिस तिला गावठी वाटत असंल. शिवम दाजीला आपली लाज वाटत असंल. कूलरचा गरम वारा नको वाटत असंल. जेवढी कारणं सुचली तेवढी त्यानं धरून ठेवली आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे जळून घेतलं. तिला फोन करून सरळ विचारावं, एवढं एक त्याला सुचलं नाही.

त्याऐवजी तो कोरडा दिवस बघून सिडकोत गेला. अपेक्षाचं घर गुपचूप पाहायला. आयुष्यात पहिल्यांदाच तो घरात दोष सापडावा म्हणून देवाचं नाव घेत जिना चढला. घरमालकानं ओळखीनं आत घेतलं. सोमनाथनं कपाटामागं डोकावून पाहिलं, ओल नव्हती. भिंतींचा रंग सगळीकडं सारखा जुना. दुपारची वेळ होती तरी भिंत गार. कागद पाठकानंच तपासले म्हणजे त्यात खोट काढणं आलंच नाही. खाली येऊन त्यानं शेवटची आशा म्हणून कोपऱ्यावर थांबलेल्या टँकरवाल्याला विचारलं, "या बिल्डिंगीत गाडी किती दिवसाला लागती?"

"या बिल्डिंगीत?" टँकरवाला म्हणाला. "हितं आपली गाडी लागतच नाय, भाऊ. टाकी एवढी मोठी हाय त्यांची, पाण्याच्या दिवसापासून पाण्याच्या दिवसापर्यंत पुरती."

एवढी वाईट बातमी सोमनाथनं बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. असं घर त्याच्याकडं असतं तर त्यानं गावभर पेढे वाटले असते. ते पाठकाकडं होतं. परत येताना गाडीवर त्याला सारखं वाटत राहिलं, की त्या घराची गार भिंत आपल्याला हसतेय.

रविवारी अपेक्षा आणि शिवम ऑफिसात आले. इसाराची रक्कम द्यायची होती, त्याआधी दादाच्या कानावर घालावं म्हणून. अपेक्षा खुर्चीच्या टोकावर बसली होती, लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायला बसायची तशी.

"दादा, तुला कळलंच असंल," ती म्हणाली. "तुला राग आला का?"

"मला कशाचा राग? तुमचं घर, तुमची पसंती."

"तसं नाय. तू एवढी घरं पाहिली. सिडकोतलं ते घर तुला ठावं असंल. त्यात काय लफडं हाय का?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यात 'लफडं' हा शब्द एकदा उच्चारला की सौदा मेला. कोर्टातला दावा असो, भावकीचं भांडण असो, नाहीतर नुसती अफवा असो, कुणी खोलात जात नाही. पण त्याहून जालीम एक औषध आहे आणि ते जुन्या एजंटांनाच माहीत असतं. काहीच न बोलणं. गिऱ्हाइकानं विचारावं आणि एजंटनं खिडकीबाहेर पाहावं. खोटं बोलल्याचं पाप नाही आणि काम मात्र फत्ते.

सोमनाथला उत्तर माहीत होतं. 'काही लफडं नाही, डोळे झाकून घे,' एवढं म्हणायचं होतं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही असते, पण ते म्हणजे पाठकाच्या गळ्यात स्वतःच्या हातानं हार घालण्यासारखं होतं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरून एक ट्रक जाऊ दिला.

"मला त्यातलं काय बोलायचं नाय, अपे," तो म्हणाला. "आपलं माणूस म्हणून आणखी काही विचारू नको."

अपेक्षानं शिवमकडं पाहिलं. शिवमनं जमिनीकडं पाहिलं. दोघं चहा न घेताच उठले, आणि संध्याकाळी दीपमालाच्या फोनवर निरोप आला, की सिडकोचं घर राहू द्या, दादालाच बघायला सांगा.

त्या दिवशी सोमनाथ एक भाकरी जास्त जेवला.

पण हेवा पोटात असला की माणसाला जिंकल्यावरही धीर धरवत नाही. पाठक गप्प बसणार नाही, तो दुसरं घर काढील, ते आणखी गार भिंतीचं असेल, ही धास्ती त्याला लागली. चिकलठाण्यातच नव्या वस्तीत एक तयार फ्लॅट त्याच्या हातात होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड भरपूर आणि बाल्कनीतून विमानं दिसायची. त्यानं ते घर स्वतः नीट पाहिलेलंही नव्हतं. त्यानं तडक अपेक्षाला फोन केला. "उद्या सकाळी या. उशीर करू नका. लई लोक मागं लागलेत."

सकाळी तिघं जिना चढून वर गेली. जिना ओला होता. कुणीतरी नुकताच धुतला होता. खालच्या बाया कुंड्यांना पाणी घालत हसत होत्या. शिवमनं आत जाऊन स्वयंपाकघरातला नळ सोडला. धो धो धार पडली.

त्या आवाजासरशी सोमनाथ जागच्या जागी थबकला. आज इथला पाण्याचा दिवस होता. इतकी वर्षं ज्या चुकीवर त्यानं प्रवचनं झोडली, ती चूक तो आपल्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत करत होता.

अपेक्षानंही तो आवाज ऐकला. ती नळापाशी गेली, धारेखाली हात धरला आणि मान वळवून दादाकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. कोपऱ्यात बसून तिनंच तर ऐकलं होतं. आता ही म्हणेल, दादा, कोरड्या दिवशी पुन्हा येऊ. सोमनाथ वाट पाहत राहिला. म्हणाली असती तर तोही म्हणाला असता, व्हय गं, येऊ की.

तिनं पदराला हात पुसले. "छान हाय, दादा," ती म्हणाली. "तू दाखवतोय म्हणजे काय बघायचं त्यात?"

आणि सोमनाथ म्हणाला, "मग ठरवून टाकू."

वास्तुशांत थाटात झाली. माहेरचा आहेर म्हणून त्यानं साडी नेली, दाजींना टोपी-टॉवेल दिला, होमाशेजारी पाटावर बसला, आणि देवगावच्या पाव्हण्यांना बाल्कनीतून विमानं दाखवली. "आपणच बघून दिलं," असं तो ज्याला त्याला सांगत होता. कानावर पडायला पाठक तिथं नव्हता, एवढीच काय ती खंत.

कोरडे दिवस यायचे ते आलेच. बिल्डिंगची टाकी म्हणजे चेष्टा होती, भरली म्हणेपर्यंत संपायची. गल्ली अरुंद, त्यात टँकर वळत नव्हता. तो हमरस्त्यावर उभा राहायचा आणि लोक कॅन, घागरी, बादल्या घेऊन पळायचे. तिसऱ्या मजल्यावरचे सगळ्यात शेवटी वर पोचायचे. सोमनाथला हे अपेक्षानं सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरची रत्नमाला त्याच्या ऑफिसवरून जाता जाता सांगून गेली. "भाऊ, तुमच्या बहिणीचं लई हाल होतेत बघा पाण्याचं."

त्यानं अपेक्षाला फोन केला. "पाण्याचं कसंय गं?"

"चाललंय की, दादा. भागतं आमचं."

पुढं एकदा रजिस्ट्री ऑफिसबाहेर चहाच्या टपरीवर पाठक भेटला. टाळता आलं असतं तर सोमनाथनं टाळलं असतं, पण पाठकानं दोन चहा सांगूनही टाकले होते.

"गायकेभाऊ, बहिणीला घर दिलंत असं कळलं. बरं झालं." पाठकाचा आवाज नेहमीसारखा खाली होता. "त्या पहिल्यांदा आल्या ना माझ्याकडे, तेव्हा मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, सख्खा भाऊ याच व्यवसायात, मग माझ्याकडे कशा? काय म्हणाल्या माहितीये?"

सोमनाथनं कप तोंडाला लावला.

"म्हणाल्या, दादाच सगळ्यांना सांगतो, ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याकडून घर घेऊ नका. तुमच्याशी भांडेन मी, सर. दादाशी मला कसं भांडता येईल? मला इतकं आवडलं ते! मी आता गिऱ्हाइकांना सांगतो, तुमचं नाव घेऊन." पाठक हसला आणि मग जरा थांबून म्हणाला, "नंतर का फिरल्या ते मात्र समजलं नाही. घर चांगलं होतं. एवढंच म्हणाल्या, की दादा काहीच बोलला नाही, म्हणजे नक्की काहीतरी असेल."

चहा जिभेला चटका देऊन गेला. तेवढ्यात रस्ता ओलांडून एक वयस्कर बाई तरातरा आल्या. दमयंतीबाई. सिडकोतलं ते घर शेवटी यांनीच घेतलं होतं.

"पाठक! फोन का उचलत नाही तुम्ही?" त्यांनी तिथूनच सुरुवात केली. "मोरीची जाळी बसत नाही म्हणून कधीची सांगतेय! घर घेताना गोड गोड बोललात आणि आता तोंड लपवता? माणूस आहात की कोण आहात?"

सगळी टपरी ऐकत होती. पाठक चष्मा पुसत उभा होता. "चुकलं, बाई. उद्या सकाळी माणूस पाठवतो."

"उद्या नाही, आज!" दमयंतीबाई म्हणाल्या, आणि भांडून झाल्यावर पिशवीतून एक डबा काढून त्याच्या हातात कोंबला. "हे घ्या, डिंकाचे लाडू. पण जाळी आज बसली पाहिजे."

त्या गेल्या. पाठक डबा हातात घेऊन हसत राहिला. सोमनाथ त्याच्याकडं बघत होता आणि तो जसा जळत होता, तसा आजवर कधीच जळला नव्हता. एसीचा हेवा नाही, चष्म्याचा नाही, 'सर'चाही नाही. या माणसाला भररस्त्यात एका बाईनं शिव्या घातल्या होत्या, आणि सोमनाथला त्या शिव्यांचा हेवा वाटत होता.

तो तिथून थेट बहिणीच्या घरी गेला. दिवस कोरडा होता. जिन्यात त्याला शिवम भेटला, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. "या, दादा," शिवम म्हणाला आणि भिंतीला अंग चोरून त्यानं सोमनाथला आधी वर जायला वाट करून दिली.

अपेक्षानं दार उघडलं. तिचे केस विस्कटलेले होते, तळहात लाल झाले होते. "दादा! ये की. बस." आणि रीतीप्रमाणं पहिल्यांदा तिनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"अपे, टँकर वळत नाय ना हितं?"

"लांब थांबतो जरा. होतं तेवढं."

"सिडकोचं घर चांगलं होतं," सोमनाथ म्हणाला. "त्यात काहीच लफडं नव्हतं. मला ठावं होतं. मी बोललो नाय."

अपेक्षा उभीच होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. विमान उतरत होतं, त्याचा आवाज घरभर झाला.

"भांड की गं," सोमनाथ म्हणाला. "शिव्या दे. सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाऊ दे. त्या पाठकाला घातल्या असत्या तशा घाल."

"पाठक सरांशी भांडले असते," अपेक्षा म्हणाली. "तुझ्याशी कसं भांडू, दादा? तू पाणी पी. मी चहा ठेवते."

ती आत गेली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. सोमनाथनं एक घोट घेतला, आणि उरलेलं सांडू नये म्हणून तो तांब्या दोन्ही हातांनी धरून तसाच बसून राहिला.